सीटीसी, ग्रॅच्युइटी, ॲब्स्काँडिंग : नोकरीतले ओळखीचे वाटणारे इंग्रजी शब्द

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

परवा इचलकरंजीहून भाचीचा फोन आला. "मामा, ऑफर लेटर आलं! सहा लाख! म्हणजे महिन्याला पन्नास हजार. आईनं गल्लीत पेढे पण वाटले."

मी म्हटलं, आधी पीडीएफ पाठव. अकरा पानं होती. पहिल्या पानावर अभिनंदन, मधल्या पानांवर अटी आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरातला एक तक्ता. खरा मजकूर त्या तक्त्यातच होता. दोघांनी फोनवर कागद-पेन घेऊन हिशेब मांडला तो असा.

सीटीसी सहा लाख, म्हणजे तिच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. बेसिक, म्हणजे मूळ पगार, त्यातलं निम्मं, महिन्याला २५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, वर्षाचे ३६,०००. ते तिचेच, पण हातात पडत नाहीत. ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या) नावानं बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा पगार, ६०,०००, त्यापुढे बारीक अक्षरात 'अप टू'. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता ९,५७०. या सगळ्याची बेरीज बरोबर १,२०,०००. उरले ४,८०,०००, म्हणजे महिन्याला चाळीस हजार. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की बँकेत जमा होणार ३६,८००.

फोनवर बराच वेळ शांतता. मग, "आईला सांगू नको एवढ्यात."

पोरगी इंग्रजीत कच्ची नाही. 'रेम्युनरेशन'ला अडली असती तर मोबाइलवर अर्थ बघितला असता. पण 'कॉस्ट', 'कंपनी', 'बेसिक' हे शब्द कोण कशाला बघेल? आपण सगळे इथंच फसतो असं मला वाटतं. अवघड शब्द दिसला की माणूस सावध होतो, ओळखीचा दिसला की सही करतो. मी स्वतः चाकणला पर्चेसमध्ये वीस वर्षं काढली, तरी 'अप टू' हे दोन शब्द वाचायला मला सात वर्षं लागली.

तर मंडळी, तुम्हाला कळतोय असं वाटलेला आणि नंतर महागात पडलेला नोकरीतला शब्द सांगा. डिक्शनरीतला अर्थ नको, काय झालं ते लिहा. सगळं गोळा करून भाचीला पाठवणार आहे.

---

चिंचगूळ

मस्त धागा. लक्ष ठेवून आहे. रात्री सविस्तर लिहिते.

---

रातकिडा

'ॲब्स्काँडिंग'.

माझ्या रूममेटला गावी गेल्यावर डेंगी झाला. तालुक्याच्या दवाखान्यात ॲडमिट, फोन बंद, घरच्यांना ऑफिसचा नंबर माहीत नाही. सहाव्या दिवशी फोन सुरू केला तर मेल आलेली, विषय 'ॲब्स्काँडिंग नोटीस'. त्याच्या धाकट्या भावानं डिक्शनरीत बघून आईला अर्थ सांगितला : पोलिसांना गुंगारा देऊन पळालेला, फरारी. सलाइन लावलेल्या पोराला माउलीनं विचारलं, "काय केलंस रे पुण्यात?"

आपल्याकडच्या एचआरच्या भाषेत ॲब्स्काँडिंग म्हणजे न कळवता कामावर न येणं, बास. पण हा शिक्का रेकॉर्डवर राहिला तर पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये वर येतो. त्यानं डिस्चार्ज कार्ड जोडून लेखी उत्तर दिलं आणि शेरा काढून घेतला. भाचीला सांगा, आजारी पडलात तर आधी एक ओळीची मेल टाका, मग ताप मोजा.

दुसरा शब्द नोटीस पीरियड. ऑफर लेटरमध्ये तीस दिवस लिहिलंय की नव्वद ते आत्ताच बघा. नव्वद असेल तर पुढची कंपनी तीन महिने थांबायला तयार होत नाही. मग 'बायआउट', म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटका. तो कोण भरणार ते आधी लेखी घ्या. मी तोंडी शब्दावर राहिलो आणि दीड महिन्याचा पगार भरून बसलो.

---

पीएफवाला

धागाकर्ते, हिशेब बरोबर आहे, फक्त दोन दुरुस्त्या.

एक, महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० असला तरी फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००. राज्यघटनेनंच वर्षाला २,५०० ची मर्यादा घातलीय, म्हणून हे गणित असं जुळवलेलं आहे. दरवर्षी फेब्रुवारीत कोणीतरी मला फोन करून "शंभर रुपये कुठं गेले" विचारतं. महिलांना पंचवीस हजारांपर्यंत पगार असेल तर हा कर नाही, पण तुमच्या भाचीचा त्याहून जास्त आहे.

दोन, पीएफ. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ पेन्शनला जातात असं सगळे म्हणतात. ते १५,००० च्या मर्यादेवर मोजतात, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. पण १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याचं बेसिक सुरुवातीपासूनच १५,००० च्या वर असेल, तर तो पेन्शन योजनेत येतच नाही. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच जमा व्हायला हवा. भाचीचं बेसिक २५,००० म्हणजे ती यातच मोडते. कित्येक ठिकाणी पेरोलवाला डोळे झाकून १,२५० पेन्शनला टाकतो आणि दहा वर्षांनी पैसे काढायच्या वेळी क्लेम अडकतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे ना ते बघायला सांगा.

आणि ग्रॅच्युइटी. ४.८१ हा आकडा कुठून आला? वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा. पंधरा दिवसांची रीत १९७२ च्या कायद्यापासूनची आहे. पण नेहमीच्या नोकरीत पाच वर्षं भरल्याशिवाय ती हातात येत नाही. नव्या कामगार संहितेनं (सामाजिक सुरक्षा संहिता) ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना मात्र एका वर्षानंतर हक्क दिलाय. म्हणजे जी पोरं दोन-तीन वर्षांनी उडी मारणार हे कंपनीलाही माहीत आहे, त्यांच्या सीटीसीत दरवर्षी हे चौदा हजार मोजलेले असतात.

---

ओढ्याकाठी

पेन्शनचं मला माहीत नव्हतं. लिहून घेतलं. धन्यवाद!

---

टेक्सासची माहेरवाशीण

ग्रॅच्युइटीवरून आठवलं. नवीन आलो तेव्हा आम्ही आठजण ऑस्टिनला जेवायला गेलो. बिलाच्या तळाशी 'ग्रॅच्युइटी १८ टक्के'. आमच्यातला एक, पुण्यात नऊ वर्षं नोकरी करून आलेला, म्हणाला, "वेटरची ग्रॅच्युइटी आपण का भरायची?" इकडे ग्रॅच्युइटी म्हणजे टिप! आणि माझा दीर दुबईला आहे, त्याच्याकडे याच शब्दाचा तिसरा हिशेब : एक वर्ष भरलं की हक्क, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचं बेसिक. एकच शब्द, तीन देश आणि तीन वेगळ्या रकमा.

इथल्या पहिल्या मुलाखतीत मी ऐटीत सांगितलं होतं की मी दोन हजार नऊ साली कॉलेजातून पास्ड आउट झाले. बाई काळजीनं म्हणाल्या, "आता बरं आहे ना?" इकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपणे. 'ग्रॅज्युएटेड' म्हणायचं.

'फ्रेशर'ही तसाच. विलायतेत फ्रेशर म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेलं पोर. अमेरिकेत त्याला फ्रेशमन म्हणतात आणि नोकरीच्या बाबतीत फ्रेशर कोणालाच कळत नाही, तिथं 'एंट्री लेव्हल'. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्ववत होणे, मेलला उत्तर देणे नव्हे. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपल्या कामावर शंका घेतेय. मला फक्त प्रश्न विचारायचा असायचा.

बायोडेटा हा शब्द तर मी नोकरीसाठी वापरायचाच सोडून दिला. तो आता लग्नापुरता उरलाय : उंची, गोत्र, मामाचं गाव.

---

खमंग

झालं, आलं अमेरिकापुराण. पोरगी इचलकरंजीहून हिंजवडीला चाललीय, टेक्सासला नव्हे. तिला रिव्हर्टच लिहू दे. तिच्या साहेबाला कळतं, क्लायंटला सवय झालीय. आपलं इंग्रजी आपल्यापुरतं बरोबरच आहे.

---

टेक्सासची माहेरवाशीण

खमंगराव, चूक आहे असं मी म्हटलंच नाही. 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा तर माझा लाडका शब्द, त्याच्याइतका सोयीचा शब्द यांच्याकडे नाही. पण हिंजवडीतल्या पोरीचा क्लायंट कुठला असतो हो?

---

खमंग

पॉइंट आहे.

---

गिरणगावकर

वडील परळच्या एका गिरणीत होते. आधी नऊ वर्षं बदली, मग कायम. रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. कोणाचा खाडा असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर चहा पिऊन घरी. जॉबरची, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाची, मर्जी असेल त्याचा नंबर आधी.

हे सांगायचं कारण म्हणजे आपला 'बदली' हा शब्द सरळ इंग्रजी कायद्यात जाऊन बसलाय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पंचवीस-सी कलमात 'बदली वर्कमन' अशी चक्क व्याख्या होती. मस्टरवर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी घेतलेला, तो बदली, आणि सलग एक वर्ष सेवा झाली की त्याला बदली मानायचं नाही. हे शेवटचं वाक्य वडिलांना तोंडपाठ होतं. इंग्रजी येत नव्हतं, पण ते वाक्य यायचं. युनियनच्या ऑफिसात एकानं वाचून दाखवलं होतं म्हणे.

आता मूळ मुद्दा, 'ले-ऑफ'. आयटीतली पोरं म्हणतात ले-ऑफ झाला, म्हणजे नोकरी गेली. कायद्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी जात नाही. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन मोडलं, माल साचून राहिला, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, तो ले-ऑफ. नाव मस्टरवर राहतं आणि पात्र कामगाराला त्या दिवसांचा निम्मा मूळ पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. नोकरी जाते त्याला कायद्यात 'रिट्रेंचमेंट' म्हणतात. त्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. आणि सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जाणार. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नव्या संहिता लागू झाल्या तरी या दोन शब्दांतला फरक तसाच आहे.

या फरकात पैसे आहेत. माझ्या मेहुण्याच्या कारखान्यात, एमआयडीसीचं नाव सांगत नाही, साहेबानं पोरांना सांगितलं, "तुमचा ले-ऑफ आहे, पुढच्या महिन्यात बोलावतो." आणि सही घेतली ती राजीनाम्यावर. कागद इंग्रजीत होता. वर मोठ्या अक्षरात 'रेझिग्नेशन' लिहिलेलं, पण साहेबाच्या तोंडचा ले-ऑफ ऐकून कोणी वाचलंच नाही. राजीनामा दिला म्हटल्यावर ना ले-ऑफचे पैसे, ना रिट्रेंचमेंटचे. चौदा पोरं होती.

---

रातकिडा

बाप रे. पुढे काय झालं?

---

गिरणगावकर

सहाजणांनी कामगार आयुक्तांकडे अर्ज केला. बाकीच्यांनी दुसरं काम धरलं. प्रकरण चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

---

चिंचगूळ

रात्री लिहिते म्हटलं आणि दोन दिवस गेले, माफी असावी.

गिरणगावकरांच्या प्रतिसादात राजीनामा शब्द आला म्हणून सांगते. फारसीत राजी म्हणजे खुशीनं तयार, आणि राजीनामा म्हणजे संमतीचा कागद. उत्तरेत, पंजाबकडे, कोर्टातला राजीनामा म्हणजे आजही दोन्ही पक्षांची तडजोड. आपल्याकडे जमीन सोडणारा शेतकरी सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा जमीन घेणारा कबुलायत. जमीन सोडायचा तो कागद पुढे नोकरी सोडायचा झाला. शब्दात 'राजी' आहे तेवढीच. त्या चौदाजणांना कोण विचारतंय!

आपले नोकरीचे सगळे शब्द असे परगावाहून आलेले. 'पगार' पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेत पगार हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. 'रजा' अरबी, मूळ अर्थ संमती. 'रुजू' अरबी, मूळ अर्थ परत येणे. 'मुलाखत' म्हणजे नुसती भेट. 'नोकर' तर थेट मंगोलांकडून फारसीमार्गे आला आणि तिकडे त्याचा अर्थ होता सरदाराचा सोबती. सोबत्याचा नोकर झाला हे मात्र अगदी आपल्या वळणाचं.

त्यामुळे सीटीसी, पीएफ आल्यानं मराठी बुडाली म्हणून मी रडत नाही. चारशे वर्षांनी हेही शब्द आपलेच वाटतील. अडचण एवढीच की रजा, पगार हे शब्द लोकांच्या तोंडी रुळून आले, आणि सीटीसी तक्त्यात लिहून आला.

---

सरकारी जावई

अहो, पण मराठीत शब्द आहेत की! आमच्याकडे रुजू अहवाल, कार्यमुक्ती, परिवीक्षाधीन, खातेनिहाय चौकशी, सगळं आहे. साठच्या दशकात भाषा संचालनालयानं पदनाम कोश काढला तेव्हा लोकांनी बदनाम कोश म्हणून थट्टा केली, पण जिल्हाधिकारी, अधीक्षक, संचालक हेच शब्द आज गावातला पोरगा सहज बोलतो.

(परिवीक्षाधीन मात्र आमच्या साहेबांनाही एका दमात म्हणता येत नाही. आम्ही प्रोबेशनच म्हणतो.)

---

खमंग

जावईबापू, तुमच्याकडे नोटीस पीरियड विचारायची वेळ कोणावर येते का?

---

सरकारी जावई

म्हणूनच जावई.

---

पडद्यामागची एचआर

बारा वर्षं भरती करतेय. (भरतीला ओहोटी असते हे मराठीनं आधीच सांगून ठेवलंय, आयटीवाल्यांना दर तीन-चार वर्षांनी नव्यानं कळतं.) आमची बाजू म्हणून थोडं.

जाहिरातीतले शब्द वाचायला शिकवा तिला. 'इमीजिएट जॉइनर' म्हणजे आधीचा माणूस अचानक गेलाय, का गेला ते मुलाखतीत विचारा. 'फ्लेक्झिबल अवर्स'मध्ये लवचिक कोणी व्हायचं ते लिहिलेलं नसतं. 'मल्टिटास्किंग' म्हणजे दोन माणसांचं काम. 'वी आर अ फॅमिली' असं वाक्य दिसलं तर ओव्हरटाइमचं विचारून घ्या, घरच्या कार्याला कोणी ओव्हरटाइम मागत नाही हे त्यांच्या मनात असतं.

ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर वेगळी. पहिलं म्हणजे सुपारी फुटली, दुसऱ्यावर सह्या झाल्या की लग्न. पोरं पहिल्यावरच जुनी नोकरी सोडून बसतात. सोडतानाही रिलिव्हिंग लेटर वेगळं आणि एक्सपिरियन्स लेटर वेगळं. काही ठिकाणी एकाच कागदावर देतात, पण नव्या कंपनीला 'अमुक तारखेला कार्यमुक्त केलं' हे वाक्यच हवं असतं. त्याच्याशिवाय माझ्या हाताखालच्या मुली फाइल पुढे सरकवत नाहीत, मीच त्यांना तसं शिकवलंय.

आणि 'अप टू'बद्दल. धागाकर्त्यांनी नेमकं बोट ठेवलं. व्हेरिएबल साठ हजार 'पर्यंत' म्हणजे शून्यही त्यात बसतं. विचारायचा प्रश्न एकच : "मागच्या दोन वर्षांत या ग्रेडला सरासरी किती टक्के दिलं?" उत्तर मिळालं तर उत्तम. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

एक गंमत सांगते. आमच्याकडे करारावरचा एक इंजिनीअर होता, फार गुणी. करार संपत आला तेव्हा त्यानं मेल टाकली की मला 'रिसाइन' करायचंय. त्याला म्हणायचं होतं, करारावर पुन्हा सही करायचीय. मधली आडवी रेघ द्यायची राहिली, आणि री-साइनचं झालं रिझाइन. मॅनेजरनं "स्वीकारलं, शुभेच्छा" असं उत्तर दिलं आणि मी सिस्टिममध्ये त्याची शेवटची तारीख टाकली. केक कापायच्या दिवशी तो म्हणाला, "कोणाचा वाढदिवस?"

---

टेक्सासची माहेरवाशीण

हाहाहा! राहिला का मग तो?

---

पडद्यामागची एचआर

राहिला. केकही खाल्ला. आता माझ्याच टीमच्या पेरोलचं सॉफ्टवेअर सांभाळतो.

---

ओढ्याकाठी

मंडळी, अपडेट.

भाचीनं हा सगळा धागा वाचला. टेक्सासच्या ताईंमुळे मेलमधलं 'काइंडली रिव्हर्ट' खोडून 'प्लीज लेट मी नो' केलं. (खमंगराव, क्षमस्व.) एचआर ताईंचा प्रश्न शब्दशः विचारला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला : मागच्या दोन वर्षांत सरासरी सत्तर टक्के दिलंय. तिनं विनंती केली की हे मेलवर लिहून द्याल का? समोरची मुलगी हसली म्हणे, पण दिलं लिहून. नोटीस पीरियड साठ दिवसांचा निघाला, तो कमी झाला नाही. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, नाही.

पुढच्या सोमवारी रुजू होतेय. बहिणीला अजून छत्तीस हजार आठशेचा आकडा सांगितलेला नाही, तो पहिल्या पगाराला आपोआप कळेल. फेब्रुवारीतल्या शंभर रुपयांचं मात्र भाचीनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

---

चिंचगूळ

अभिनंदन! पेढे वाया गेले नाहीत.

---

नवा भिडू

धागा जुना वाटतोय, तरी विचारतो. दोन कंपन्यांत माझे दोन यूएएन (पीएफचे कायमचे नंबर) तयार झालेत आणि आधीच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला १,२५० दिसतायत. बेसिक पहिल्यापासून १८,००० होतं, पहिली नोकरी २०१९ ची. म्हणजे वर पीएफवाल्यांनी लिहिलंय तेच का?

---

पीएफवाला

तेच. जुन्या कंपनीत पेरोल बघणारं कोणी अजून आहे का? पेन्शनमध्ये चुकून गेलेले पैसे पीएफला वळवायला त्यांचंच पत्र लागेल. दोन्ही नंबर इथं लिहू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.